माइकला एक प्रदक्षिणा: मॉडेलिंग माइकचा आवाज अधूनमधून पोकळ का येतो?

मॉडेलिंग माइक म्हणजे सॉफ्टवेअरच्या मदतीने जुन्या नामांकित माइकांसारखा आवाज देणारा माइक. एका रविवारी आवाज असा येतो की वाटतं, घेतला तो माइक सार्थकी लागला. पुढच्या रविवारी तीच खोली, तोच माइक, तोच गळा, सॉफ्टवेअरमध्ये तेच मॉडेल, आणि आवाज मात्र पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखा. मग आपण मॉडेल बदलत बसतो. यू ४७ वरून सी १२, सी १२ वरून यू ८७, सगळी जुन्या माइकांची नावं. आवाजाचा रंग बदलतो, डबा काही जात नाही. प्लगिन, म्हणजे हे मॉडेल चालवणारं जोड-सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकून होतं, कॉम्प्युटर बंद-चालू करून होतो, आणि तिसऱ्या रविवारी सगळं आपोआप सुरळीत. महिनाभराने पुन्हा डबा.

माझ्याकडे हे जवळजवळ वर्षभर चाललं. कारण एक नव्हतं, चार-पाच होती, आणि ती आलटून पालटून येत होती, म्हणून सापडत नव्हती. त्यातलं एकही कारण मॉडेलमध्ये नव्हतं. बहुतेक प्लगिनच्या आधीची, माझ्या हातून झालेली. ती पटकन ओळखायची एक रीत बसवली आहे, ती इथे लिहितो.

आधी माझी मांडणी सांगतो, म्हणजे अडचण नेमकी कुठे येते ते कळेल. डोंबिवलीत दोन खोल्यांचा फ्लॅट, आतल्या खोलीत कपड्यांचं कपाट उघडं टाकून आणि भिंतीवर दोन गोधड्या अडकवून केलेला स्टुडिओ. मुख्य गायिका माझी आत्या. अभंग आणि जुनी नाट्यपदं गाते, आणि पेटी हातात नसेल तर तिला सूर सापडत नाही. पेटी आधी रेकॉर्ड करू, मग तू हेडफोन लावून गा, हा प्रयोग एकदा केला. दुसऱ्या अंतऱ्याला तिने हेडफोन काढून ठेवला. "अरे, असं उसन्या पेटीवर मला नाही जमायचं." तेव्हा गळा आणि पेटी एकाच वेळी, एकाच खोलीत, आणि तरीही पेटी गळ्यावर चढायला नको, हा प्रश्न.

यावर जुना उपाय म्हणजे फिगर एट पॅटर्नचा माइक. पॅटर्न म्हणजे माइक कुठल्या दिशेचं किती ऐकतो ते. तो समोरचं आणि मागचं ऐकतो, बाजूचं ऐकत नाही. आणि बाजू म्हणजे नुसती डावी-उजवी नव्हे. कॅप्सूलच्या, म्हणजे माइकच्या आतल्या आवाज पकडणाऱ्या भागाच्या, पडद्याच्या पातळीत जे जे येतं ते सगळं, म्हणजे वर आणि खालीसुद्धा. उभा लावलेला माइक किंचित कलता केला, त्याची कड खालच्या पेटीकडे आणि तोंड आत्याच्या तोंडाकडे ठेवलं, की पेटी बरीचशी नाहीशी होते. फिगर एटचा वेगळा माइक घेण्याऐवजी मी दोन कॅप्सूलचा मॉडेलिंग माइक घेतला, कारण त्यात पॅटर्न रेकॉर्डिंग झाल्यावरही बदलता येतो.

दोन कॅप्सूलचा म्हणजे टाउनसेंड लॅब्जने काढलेला स्फिअर एल २२, पुढे युनिव्हर्सल ऑडिओकडे गेलेल्या त्याच घराण्यातले डीएलएक्स आणि एलएक्स, किंवा अँटिलोपचा एज ड्युओ, या जातीचा. माझा यातला कुठला याने काही फरक पडत नाही, कारण चुका सगळीकडे त्याच होतात. स्लेट डिजिटलचा एमएल-१ एकाच सिग्नलचा आहे. तो वापरणाऱ्यांना खालचा हेडफोनचा भाग लागू पडेल, प्रदक्षिणेची त्यांना गरज नाही.

आत काय चालतं

या माइकमध्ये पाठीला पाठ लावून दोन बाजू ऐकणारी कॅप्सूल असते. समोरच्या बाजूचा सिग्नल एका तारेतून, मागच्या बाजूचा दुसरीतून. दोन्ही प्रत्येकी कार्डिऑइड, म्हणजे आपल्या समोरचं ऐकणारी, पाठीमागचं न ऐकणारी. नुसता पुढचा घेतला की कार्डिऑइड, दोन्ही मिळवले की चहूकडचं सारखं ऐकणारा ओम्नी, पुढच्यातून मागचा वजा केला की फिगर एट. मधले सगळे पॅटर्न म्हणजे या बेरीज-वजाबाकीतलं कमीजास्त प्रमाण. मॉडेलचं काम याच्यावर चढतं: अमुक जुन्या माइकला समोरून येणारा आवाज कसा ऐकू यायचा, तिरका कसा, मागून कसा, हे प्लगिन या दोन सिग्नलांतून रचतं.

कल्पना काही नवी नाही. दोन पडद्यांची कॅप्सूल ब्राउनम्यूल आणि वेबर यांनी १९३० च्या दशकातच जर्मनीत बांधली होती. १९५३ मध्ये आलेल्या एकेजीच्या सी १२ ला तर माइकपासून लांब ठेवायची एक डबी होती, तिच्यावरचं बटण फिरवून नऊ पॅटर्न मिळत. पण एक फरक आहे, आणि आपलं सगळं दुखणं त्या फरकात आहे. सी १२ मध्ये ही बेरीज-वजाबाकी कॅप्सूलवरच व्हायची. बाहेर एकच सिग्नल यायचा, एकाच ट्यूबमधून. दोन बाजूंचं गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवला ते प्रमाण, वेगळं पडणं शक्यच नव्हतं. आपल्या माइकमध्ये ती बेरीज कॉम्प्युटरवर ढकलली आहे. मधल्या वाटेवर दोन केबल, दोन प्रीअँप (सिग्नल वाढवणारे), दोन नॉब, दोन चॅनेल, ट्रॅकचं सेटिंग आणि आपला घाईतला हात. दोन्ही सिग्नल जसेच्या तसे पोचले तरच बेरीज बरोबर. एक जरी वाटेत बदलला तरी प्लगिन निमूटपणे चुकीची बेरीज करतं. एरर येत नाही, लाल दिवा लागत नाही. आवाज फक्त 'काहीतरी बिनसल्यासारखा' येतो.

आधी एकच प्रश्न: हेडफोनमध्ये की फाइलमध्ये?

गाणाऱ्याची तक्रार आली, की पहिल्यांदा रेकॉर्ड झालेला तुकडा गाणारा गप्प असताना वाजवून ऐका. तेव्हा आवाज चांगला असेल तर माइकला हात लावू नका. गडबड ऐकवण्याच्या वाटेत आहे.

होतं असं की इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राचं) डायरेक्ट मॉनिटरिंग चालू असतं, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला न जाता थेट हेडफोनला येत असतो, आणि प्लगिनमधून फिरून आलेला आवाजही हेडफोनला जात असतो. दोन्ही एकाच आवाजाच्या प्रती, एक किंचित उशिरा. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून मग पुढे देतो, तो साठा म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेचेच ५.३ मिलिसेकंद. जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून थोडं जास्तच. नुसता ५ मिलिसेकंदाचा उशीर धरला तरी १०० हर्ट्झ, ३०० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही प्रती एकमेकींना खातात. आत्या काळी पाच या पट्टीत गाते. तिचा मधल्या सप्तकातला शुद्ध गंधार २९४ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर खड्ड्याच्या काठावर. ती म्हणाली होती, "गंधार लावला की मला तो ऐकूच येत नाही रे, म्हणून मी जोर देते." मी महिनाभर समजत होतो की तिचा गळा दमलाय.

इलाज सोपा. एक वाट बंद करा. कॉम्प्युटर झेपत असेल तर बफर ६४ वर आणा आणि फक्त प्लगिनमधला आवाज ऐकवा. झेपत नसेल तर फक्त डायरेक्ट ऐकवा आणि मॉडेल नंतर लावा. तसं केलं तर डायरेक्टमध्ये फक्त पुढच्या कॅप्सूलचं चॅनेल सोडा. दोन्ही सोडले तर गाणाऱ्याच्या एका कानात तोंड आणि दुसऱ्या कानात मागची भिंत, आणि ते फार विचित्र लागतं. अपोलोसारख्या इंटरफेसमध्ये प्लगिन आतल्याच प्रोसेसरवर चालतं, तिथे हा उशीर जाणवण्याइतका नसतो.

फाइलही पोकळ असेल तर पुढे चला.

प्रदक्षिणा

आता माझी रीत. माइक स्टँडवर, रेकॉर्ड चालू, आणि माइकला हातभर अंतरावरून एक प्रदक्षिणा घालायची. समोर उभं राहून म्हणायचं "समोर, समोर, समोर". कडेला आलं की "उजवी, उजवी". मग "मागे, मागे". मग "डावी, डावी". आवाज चारही ठिकाणी साधारण सारखा ठेवायचा. वीस सेकंदांचं काम. बायको पहिल्यांदा दारातून बघून गेली आणि तिने सासूबाईंना फोन लावला, ते वेगळं.

मग ती फाइल प्लगिनमधून तीन वेळा ऐकायची: एकदा कार्डिऑइड, एकदा ओम्नी, एकदा फिगर एट. मॉडेल कुठलंही ठेवा, पण तिन्ही वेळा तेच. सगळं ठीक असेल तर कार्डिऑइडमध्ये 'समोर' मोठा आणि 'मागे' दबका. ओम्नीमध्ये चारही सारखे. फिगर एटमध्ये 'समोर' आणि 'मागे' सारखे, 'उजवी-डावी' दूर कुठेतरी, भिंतींवरून परत आल्यासारखे. एवढं जमलं असेल तर दोन्ही सिग्नल नीट पोचताहेत.

काही बिघडलं असेल तर या तीन ऐकण्यांतून नेमकं काय ते कळतं.

तिन्ही पॅटर्न सारखेच ऐकू येतात, नुसता आवाज थोडा कमीजास्त होतो? मग मागचं चॅनेल मेलेलं आहे. बेरजेत शून्य मिळवा की वजा करा, उरतं तेच. इंटरफेसच्या दुसऱ्या चॅनेलला ४८ व्होल्ट, म्हणजे माइकला केबलमधूनच लागणारी वीज, दिलेत का बघा. काही इंटरफेसमध्ये एकच बटण दोन्हीला असतं, काहींत वेगवेगळी. मी दोन्हीला देतो आणि दोन्हींचे दिवे बघूनच बसतो. ते ठीक असेल तर केबल. हे माइक पाच पिनांच्या एक्सएलआर जोडणीने सुटतात आणि पुढे केबलला दोन तीन-पिनी शेपट्या फुटतात. मला केबल लांब हवी होती म्हणून मी ओळखीच्या लाइटवाल्याकडून पाच पिनांची डीएमएक्स केबल (स्टेजचे लाइट चालवायची) मधे जोडायला आणली. दिसायला हुबेहूब. पण लाइटच्या कामाला तीनच पिना पुरतात, त्यामुळे पुष्कळ डीएमएक्स केबलींत चार आणि पाच नंबरच्या पिना जोडलेल्याच नसतात. माझ्या मागच्या कॅप्सूलचा सिग्नल नेमका त्या दोन पिनांवर. कार्डिऑइडवर काम करत होतो तोवर कळलंही नाही.

फिगर एट लावला की आवाज जवळजवळ गायब, आणि ओम्नी लावला की एकदम मोठा, सुमारे ६ डेसिबलने? मग दोन्ही चॅनेलवर एकच सिग्नल आहे. स्वतःतून स्वतःला वजा केलं की शून्य. याचं कारण नव्वद टक्के वेळा ट्रॅक मोनो असणं. गळा म्हणजे मोनो ट्रॅक, ही सवय हातात इतकी भिनलेली असते की नवीन ट्रॅक काढताना बोट आपोआप तिकडेच जातं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर हे जास्त फसवं, कारण तिथला ट्रॅक दिसतो सारखाच. इनपुटमध्ये मोनो १ निवडलेलं असलं तरी प्लगिनच्या डाव्या-उजव्या दोन्हीकडे तोच सिग्नल जातो आणि सगळं चालतंय असं वाटतं. इनपुट स्टिरिओ १/२ हवं. आणि अशी फाइल आधीच रेकॉर्ड झाली असेल तर मागची कॅप्सूल गेली ती गेली, कार्डिऑइडवर भागवा.

कार्डिऑइडमध्ये 'मागे' मोठा आणि 'समोर' दबका, पण ओम्नी अगदी बरोबर? चॅनेलांची अदलाबदल. हे माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा झालं. डब्यातला आवाज बहुतेक हाच. गाणारा समोर गातो आणि प्लगिन त्याला मागून ऐकतं, म्हणजे तोंड कमी आणि भिंत जास्त. बेरजेला क्रम लागत नाही म्हणून ओम्नी फसत नाही. वजाबाकीत फक्त चिन्ह उलटतं, ते नुसत्या कानाला कळत नाही. म्हणून फिगर एटवर मजा आणि कार्डिऑइडवर डबा, असं कोडं पडतं. माझ्या केबलच्या दोन शेपट्यांवरची छापील अक्षरं घासून गेली होती, आणि दर खेपेला केबल काढून गुंडाळून ठेवायची शिस्त होती. म्हणजे पन्नास टक्के वेळा उलटी. शेवटी समोरच्या शेपटीला लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके लावले, आणि इंटरफेसच्या पहिल्या इनपुटच्या कडेलाही तसाच एक.

ओम्नी आणि फिगर एट यांनी आपापसांत जागा बदलल्यासारखं वाटतं? ओम्नी म्हणावं तर कडेचा आवाज गुल होतो, फिगर एट म्हणावं तर चारही बाजू सारख्या? एका चॅनेलची पोलॅरिटी उलटी आहे, म्हणजे सिग्नलचं अधिक-उणे उलटलंय. इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी एक फेजचं बटण दाबलेलं राहिलं असेल, किंवा कुणीतरी केबल दुरुस्त करताना दोन आणि तीनच्या तारा उलट्या डाखल्या असतील. कार्डिऑइडवर हा दोष दिसत नाही.

गेन: सगळ्यात चिवट दुखणं

वरचे सगळे दोष एकतर असतात किंवा नसतात. गेनचं तसं नाही. ते थोडंसं चुकतं, आणि थोडंसंच बिघडवतं.

फिगर एटमध्ये कडेचा आवाज कापला जातो, कारण तो दोन्ही कॅप्सूलना सारखा पोचतो आणि वजाबाकीत उडतो. पण मागच्या चॅनेलचं गेन पुढच्याहून १ डेसिबल कमी असेल, तर कडेचा आवाज समोरच्यापेक्षा २५ डेसिबल खाली जाऊन थांबतो. ३ डेसिबल कमी असेल तर १७ च्या आसपास. ६ डेसिबल कमी असेल तर फक्त १२. आणि पेटीसारखं दणकट वाद्य १२ डेसिबलने कमी होणं म्हणजे ती शेजारच्या खोलीत न जाता नुसती हातभर मागे सरकली. वर खोलीतल्या भिंतींवरून येणारा आवाज असतोच. त्यामुळे १ डेसिबलच्या आत आणणं मी सक्तीचं मानतो.

इंटरफेसला आकड्यांवर चालणारं गेन असेल आणि दोन चॅनेल जोडायची सोय असेल, तर जोडा आणि विसरा. गोल नॉब असतील तर खुणेवर भरवसा ठेवू नका. स्वस्त इंटरफेसचे नॉब शेवटच्या टप्प्यात केसभर फिरवले तरी मोठी उडी मारतात, आणि दोन नॉब एकाच खुणेवर सारखं गेन देतीलच असं नाही. काही नव्या इंटरफेसमध्ये आवाज ऐकून गेन आपोआप लावायची सोय आहे. या माइकला ती घातक. समोरच्या कॅप्सूलला गळा मोठा ऐकू येतो, मागच्या कॅप्सूलला बारीक, म्हणून यंत्र मागचं गेन चढवून दोन्ही मीटर सारखे करतं आणि आपल्याला वाटतं किती छान जुळलं. मागच्या चॅनेलचा मीटर गाताना कमीच दिसायला हवा. मीटर जुळवायचेच नाहीत, गेन जुळवायचंय.

मी असं करतो. फोनवर नुसता खरखराट, पिंक नॉइज, वाजवायचा. फोन स्टुलावर, माइकच्या बरोबर कडेला, वीतभर-दीड वीत अंतरावर. प्लगिन बंद. दोन्ही चॅनेल मधोमध पॅन करायची, एकाची पोलॅरिटी उलटवायची, आणि दुसऱ्याचा नॉब हळूहळू फिरवायचा. एका जागी खरखराट एकदम बसतो. त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा वर येतो. ती जागा पकडायची. पूर्ण शांतता होणार नाही, वरचा चिरका भाग आणि खोलीचा थोडा आवाज उरतोच. खालचा आणि मधला गेला की झालं.

यात एक गोम आहे. फोन अगदी कडेला नसला, पाचेक अंश पुढे सरकलेला असला, तरी खरखराट बसतो, पण चुकीच्या गेनवर. म्हणून फोन आहे तिथेच ठेवून माइक स्टँडवर अर्धा फिरवायचा आणि पुन्हा जागा शोधायची. पहिल्या वेळी फोन पुढच्या बाजूला झुकलेला असेल तर आता तेवढाच मागच्या बाजूला येतो. दोन जागांच्या मधोमध खरी जागा. सापडली की नॉबवर मार्करने बारीक रेघ. पोलॅरिटी परत सुलट करायला विसरू नका. मी विसरलो आहे, दोनदा.

गेनच्याच पोटात आणखी एक. एका चॅनेलचा पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा) किंवा लो-कट (खालचे सूर कापणारा) चालू आणि दुसऱ्याचा बंद, असं असेल तर गेन कितीही जुळवा, बसत नाही. लो-कट तर खालच्या सुरांची फेज, म्हणजे लाटेची वेळही सरकवतो. म्हणजे वरच्या सुरांना फिगर एट आणि पेटीच्या खर्जाला भलताच काही पॅटर्न. दोन्हींचे बंद ठेवा, गाडीची घरघर मॉडेल लावून झाल्यावर कापा. प्रीअँपवर कंप्रेसर असेल तर तो रेकॉर्डिंगला अजिबात नको. तो मोठ्या आवाजाला दाबतो, आणि मोठा आवाज एकाच चॅनेलवर असतो.

रेकॉर्डिंग नीट झालं, तरीही

दोन वाटा इथून पुढेही फसवतात.

एक म्हणजे क्रम. मॉडेलचं प्लगिन सगळ्यांत पहिलं हवं. सूर दुरुस्त करणारं, खरखर काढणारं, यांपैकी काहीही त्याच्या आधी लावलं की ते डाव्या-उजव्या चॅनेलवर वेगवेगळा निर्णय घेऊ शकतं. मागच्या कॅप्सूलमध्ये पेटी आणि पंख्याची घरघर जास्त, म्हणून तिथे जास्त साफ करतं, आणि वजाबाकीचा हिशेब कोलमडतो. मी आधी पॅटर्न आणि मॉडेल ठरवतो, ते नवीन ट्रॅकवर उतरवून घेतो, मूळ दोन चॅनेलची फाइल कुलुपात, आणि मग पुढची कारागिरी.

दुसरी वाट म्हणजे माणसं. एका मिक्सिंगवाल्याला मी मूळ दोन चॅनेलची फाइल पाठवली. त्याने बघितलं, गळा स्टिरिओमध्ये आलाय, चुकून आला असणार, म्हणून चांगुलपणाने मोनो करून टाकला. मोनो म्हणजे दोन्हींची बेरीज, बेरीज म्हणजे ओम्नी. आत्याच्या अभंगात पेटी, खिडकी, आणि सहा अठराची कल्याण लोकल सगळ्यांना समान संधी मिळाली. त्याची काही चूक नव्हती, मीच सांगितलं नव्हतं. आता फाइलच्या नावातच लिहितो: 'डावं-समोर, उजवं-मागे, मोनो करू नये'. किंवा मॉडेल लावूनच देतो.

झालेलं नुकसान किती भरून निघतं

बरंचसं. अदलाबदल झाली असेल तर डावं-उजवं पालटा. पोलॅरिटी उलटी असेल तर उलटवा. गेन चुकलं असेल तर तेही एका चॅनेलला तेवढे डेसिबल देऊन सुधारता येतं, फक्त किती ते कळायला हवं. त्यासाठी मी दर टेकच्या सुरुवातीला, कुणी गायला लागायच्या आधी, माइकच्या अगदी कडेला एक चुटकी वाजवून ठेवतो. नंतर ती चुटकी पकडून, एक चॅनेल उलटवून, चुटकी सगळ्यात बारीक कधी होते ते बघायचं. गेनचा फरक हातात येतो.

भरून न निघणारी गोष्ट म्हणजे मोनो झालेली फाइल, आणि कुठल्याही एका चॅनेलवर फाटलेला आवाज. म्हणून मी गेन गळ्याच्या सर्वांत मोठ्या तानेला मीटरवर उणे १०-१२ च्या पुढे जाऊ देत नाही. २४ बिटमध्ये तेवढी मोकळीक सहज परवडते.

सगळं जुळलं तरी मॉडेलं एकमेकांपासून फारशी वेगळी वाटत नाहीत, अशीही तक्रार येते. ती बरीचशी अंतराची असते. गाणारा चार बोटांवर असेल तर कार्डिऑइड आणि फिगर एट दोन्हीत खर्ज इतका फुगतो की त्याखाली जुन्या माइकांचे बारकावे बुडून जातात. वीतभर मागे सरकवून पुन्हा ऐका. आणि पॅटर्न तोच ठेवून मॉडेल बदला. नाहीतर ऐकतो पॅटर्नचा फरक आणि श्रेय देतो यू ४७ ला.

माझ्याकडे आता जे उरलंय ते पेटीचा भाता. स्वर फिगर एटमध्ये दबतात, पण भात्याचा फुसफुस आणि पट्ट्यांची टकटक दबत नाही. त्यातला वरचा, चिरका भाग दोन कॅप्सूलना तितकासा सारखा पोचत नसावा, आणि बाकीचा आत्याच्या मांडीवरून, पदरावरून, समोरच्या कपाटावरून उडून थेट माइकच्या तोंडात येतो. सध्या पेटीच्या मागच्या अंगाला दुमडलेली सतरंजी टेकवून बघतोय. आत्याचं म्हणणं, पेटी गुदमरते.